बुडापेस्ट पाहावं ते डॅन्यूबमधून

(एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, बुडापेस्टला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, तो आधी रात्रीच्या बोटीचं वर्णन करेल. पार्लमेंट कसं उजळलं होतं, राजवाडा कसा दिसत होता. ते सुंदर असतंच, वाद नाही. पण माझं आग्रहाचं सांगणं आहे, जमलं तर सूर्य मावळायच्या तास-दीड तास आधीची बोट घ्या, आणि इमारतींच्या आधी पूल बघा. रात्री दिवे निवडक गोष्टींवर पडतात आणि नदी अंधारात राहते. या शहराचा इतिहास तर ती नदी ओलांडण्याचाच इतिहास आहे.

डॅन्यूब तिथे उत्तरेकडून दक्षिणेला वाहते. पश्चिमेला बुडा, म्हणजे डोंगर आणि राजवाडा. पूर्वेला पेस्ट, सगळं सपाट, बाजारपेठेचं गाव. १८७३ पर्यंत बुडा, पेस्ट आणि ओबुडा ही तीन वेगळी शहरं होती. संध्याकाळचं ऊन बुडाच्या डोंगरावरून येतं आणि समोरच्या पेस्टच्या काठावर पडतं, म्हणून वेळेचा एवढा आग्रह.

पेस्टच्या विगादो चौकाजवळच्या धक्क्यावरून बोटी सुटतात. बऱ्याच बोटी आधी उत्तरेला, प्रवाहाच्या उलट जातात आणि थोड्याच वेळात सेचेनी पूल, ज्याला सगळे चेन ब्रिज म्हणतात, तो डोक्यावर येतो. त्याच्या खालून जाताना फोन खिशात ठेवा आणि वर बघा. साखळी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गोल कड्या येतात. इथे मात्र लांब, सपाट पट्ट्या शेजारी शेजारी उभ्या धरून टोकाला जाड पिनेने ओवल्या आहेत. मधला गाळा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, सुमारे २०० मीटरचा आणि पूल खुला झाला १८४९ साली! पुलांच्या कामात उमेदीची वर्षं घालवलेल्या माझ्यासारख्याला आजही तिथे हात जोडावेसे वाटतात.

त्याआधी काय होतं? होड्या एकीला एक जोडून केलेला तात्पुरता पूल. हिवाळ्यात बर्फाचे तुकडे वाहत यायला लागले की तो काढून ठेवायचे आणि दोन्ही काठ तुटायचे. डिसेंबर १८२० मध्ये काउंट इश्तवान सेचेनी वडिलांच्या अंत्यविधीसाठी निघाले होते. बर्फामुळे त्यांना आठवडाभर नदीकाठी खोळंबून राहावं लागलं. पुढे त्यांनी पुलाचा ध्यासच घेतला. आराखडा इंग्रज इंजिनिअर विल्यम टिअर्नी क्लार्क यांचा, प्रत्यक्ष बांधकाम अ‍ॅडम क्लार्क या स्कॉटिश इंजिनिअरने पाहिलं. आडनाव एक, नातं काही नाही. हे अ‍ॅडम क्लार्क मग तिथलेच झाले, तिथेच त्यांनी लग्न केलं आणि तिथेच देह ठेवला. बुडाच्या टोकाच्या चौकाला त्यांचं नाव आहे.

मला या पुलाची सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती टोलची. हंगेरीत तेव्हा उमरावांना कर आणि टोल माफ होते. १८३६ च्या कायद्याने ठरवलं की या पुलावरून जाणारा प्रत्येक जण पैसे देईल, मग तो उमराव का असेना. आणि सेचेनींचं नशीब बघा. १८४८ च्या क्रांतीच्या धामधुमीत त्यांचं मानसिक स्वास्थ्य ढासळलं, त्यांना व्हिएन्नाजवळच्या रुग्णालयात ठेवलं आणि १८६० मध्ये ते तिथेच गेले. पुरा झालेला पूल त्यांनी कधी ओलांडलाच नाही.

पूल होण्याआधी, मार्च १८३८ मध्ये, याच नदीने पेस्ट बुडवलं होतं. खालच्या अंगाला बर्फ अडकला आणि पाणी गावात शिरलं. कच्च्या विटांची घरं विरघळून कोसळली. त्या पुरात बॅरन मिक्लोश वेशेलेनी होडी घेऊन माणसं काढत फिरले. पेस्टमधल्या फ्रान्सिस्कन चर्चच्या भिंतीवर त्यांचं होडीतलं शिल्प आहे. ते चुकवू नका.

पुढे उजव्या हाताला पार्लमेंट येतं. २६८ मीटर लांब, घुमट ९६ मीटर उंच. वास्तुकार इम्रे श्टाइंडल काम पुरं व्हायच्या आधीच वारले. फोटो तुम्ही काढालच, म्हणून मी त्यावर थांबत नाही. थांबतो ते त्याच्या थोडं अलीकडे, काठावरच्या लोखंडी बुटांपाशी. १९४४-४५ च्या हिवाळ्यात अ‍ॅरो क्रॉस या हंगेरियन फॅसिस्ट पक्षाच्या लोकांनी ज्यूंना इथे काठावर उभं करून गोळ्या घातल्या. बूट किमती, म्हणून ते आधी काढायला लावले. प्रेतं नदीने वाहून नेली. २००५ मध्ये जान तोगाय आणि द्युला पाउएर यांनी तिथे साठ जोड बसवले. पुरुषांचे, बायकांचे, लहान मुलांचेही. बोटीतून ते सहज नजरेतून निसटतात. त्यामुळे उतरल्यावर चालत जाच.

मार्गारेट पूल नदीच्या मध्यावर वाकलेला दिसेल. नदीतल्या मार्गारेट बेटाच्या टोकाशी नदीचे दोन फाटे होतात आणि पुलाचा प्रत्येक अर्धा भाग आपापल्या प्रवाहाला काटकोनात उभा आहे. नोव्हेंबर १९४४ मध्ये जर्मन सैन्य सुरुंग पेरत असताना त्यावर भर वर्दळीत अचानक स्फोट झाला. बाकीचे पूलही माघार घेणाऱ्या जर्मनांनी उडवले. शहराचे पुन्हा दोन तुकडे झाले. याच पुलाजवळ २९ मे २०१९ च्या रात्री, पावसात, एका लहान पर्यटक बोटीला मोठ्या जहाजाची धडक बसली. बोटीवर ३५ माणसं होती, बहुतेक दक्षिण कोरियाची. वाचली फक्त सात. म्हणून बोटीत चढल्यावर लाइफ जॅकेट कुठे आहेत ते विचारा. विचारायला लाजू नका.

चेन ब्रिज पुन्हा उभा राहिला आणि खुला झाला तो १९४९ मध्ये, पहिल्या उद्घाटनाच्या शंभराव्या वर्षदिनी. त्याच्या दक्षिणेचा एलिझाबेथ पूल मात्र जुन्या रूपात बांधलाच नाही. १९०३ चा तो देखणा साखळी-पूल गेला आणि १९६४ मध्ये पाल शावोय यांचा पांढराशुभ्र केबलचा पूल आला. काहींना तो जुन्या शहरात परका वाटतो. मला तो निर्णय पटतो. रहदारी वाढत होती, नवं तंत्र हाताशी होतं, आणि गेलेल्या पुलाचा देखावा करण्यापेक्षा त्यांनी आपल्या काळाचा पूल बांधला. दक्षिणेला, बुडाकडच्या गेलर्ट डोंगराखाली नदी अरुंद होते, तिथून वळून बघितलंत तर चेन ब्रिज आणि हा, शंभरहून अधिक वर्षांच्या अंतराचे दोन पूल एका नजरेत येतात.

आता जागेचं सांगतो. आतल्या काचेमागच्या टेबलावर बसू नका, वरच्या उघड्या डेकवर जा. उन्हाळ्यातही पाण्यावरचा वारा गार असतो, स्वेटर जवळ ठेवा. ज्यांना बोट जमणार नाही त्यांनी पेस्टच्या काठाने जाणारी दोन नंबरची ट्राम पकडावी. मार्गारेट पुलाच्या पेस्टकडच्या टोकाला ती मिळते आणि दक्षिणेकडे जाताना नदी उजव्या हाताला राहते, तेव्हा त्या बाजूची खिडकी धरा.