घोषणा झाली, माल कुठे आहे?

६ मार्च २०००. संगणकाचे प्रोसेसर बनवणारी एएमडी जाहीर करते, आमचा अ‍ॅथलॉन एक गिगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला एक अब्ज ठोक्यांवर, पोहोचला. दोनच दिवसांनी, ८ मार्चला, तिची प्रतिस्पर्धी इंटेलही एक गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री आणते. मथळे दोघींनाही मिळाले. पण इंटेलचा तो प्रोसेसर पुढे कित्येक महिने सहजासहजी मिळत नव्हता. आणि त्याच ऑगस्टमध्ये १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री तर कंपनीला परत बोलवावा लागला.

आपल्या लक्षात राहतात ते वेगाचे आकडे. निकाल लागतो तो कारखान्यात.

ही वेफर पाहा. ३०० मिलिमीटर व्यासाची सिलिकॉनची चकती, आरशासारखी चकचकीत. कारखान्यात शिरलेली चकती बाहेर पडायला साधारण तीन महिने लागतात. थर चढवायचा, प्रकाशाने नक्षी उमटवायची, नको तेवढं कोरून काढायचं, पुन्हा पुढचा थर. अशा शेकडो पायऱ्या. शेवटी चकतीवरच्या चिपपैकी किती धड निघाल्या, ते प्रमाण म्हणजे यील्ड. एखादी पायरी चुकली तर ते कळेपर्यंत कित्येक आठवडे उलटलेले असतात. दुरुस्ती केली की नवी चकती, आणि पुन्हा तेवढीच वाट पाहणं.

इंटेलचं १० नॅनोमीटर तंत्र इथेच अडकलं. हा आकडा म्हणजे तंत्राच्या पिढीचं नाव. तो जितका लहान, तितके ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधले सूक्ष्म स्विच, दाटीने बसतात. १४ नॅनोमीटरच्या मानाने तेवढ्याच जागेत २.७ पट ट्रान्झिस्टर बसवायचे होते. हाताशी प्रकाश होता १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे जाड कुंचल्याने केसाएवढी रेघ ओढायची. ती एका दमात उमटत नाही. मग एकच नक्षी अनेक टप्प्यांत, दर टप्प्याला आधीच्याशी काटेकोर जुळवत उमटवावी लागते. त्यातच काही थरांत तांब्याऐवजी कोबाल्ट वापरायचं ठरलं. इतकी नवी कामं एकाच वेळी अंगावर घेणं, ही माझ्या मते खरी चूक. २०१६च्या सुमारास अपेक्षित असलेलं मोठं उत्पादन २०१९ उजाडेपर्यंत लांबलं.

तोवर एएमडी जागी झाली होती. २०१७च्या मार्चमध्ये तिचा रायझन प्रोसेसर आला, आठ कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे आठ भाग, घेऊन. इंटेलला डेस्कटॉपवर चारावरून सहा आणि पुढच्याच वर्षी आठ कोअरवर जावं लागलं, तेही १४ नॅनोमीटरवरच. कोअर वाढले की चिप मोठी होते, आणि चिप मोठी झाली की एका चकतीतून कमी निघतात. म्हणजे स्पर्धेनेच टंचाईत भर घातली! सप्टेंबर २०१८मध्ये इंटेलचे तेव्हाचे हंगामी प्रमुख बॉब स्वान यांनी जाहीर पत्र लिहून पुरवठा अपुरा असल्याची कबुली दिली. सर्व्हर आणि महागड्या प्रोसेसरना आधी माल मिळाला. साध्या संगणकांचे प्रोसेसर मागे राहिले, आणि ज्यांना परवडणारा संगणक हवा होता त्यांना याची झळ बसली. वर्षभराने, नोव्हेंबर २०१९मध्ये, इंटेलला ग्राहकांची माफी मागावी लागली.

एएमडीने आपले कारखाने २००९मध्येच वेगळे केले होते. २०१९च्या नव्या डेस्कटॉप रायझनचे कोअर तैवानच्या टीएसएमसीत, म्हणजे इतरांसाठी चिप बनवणाऱ्या कंपनीत, ७ नॅनोमीटरवर तयार झाले, तेही लहान लहान तुकड्यांत. लहान तुकडा असला की एका दोषापायी कमी सिलिकॉन वाया जातं. खरोखर हुशारीची मांडणी! पण नोव्हेंबर २०२०मध्ये नवे रायझन आले आणि तेही हां हां म्हणता संपले. सोनी आणि मायक्रोसॉफ्टच्या नव्या गेमिंग कन्सोलमधल्या चिपही एएमडीच्याच होत्या, आणि त्याही टीएसएमसीच्या ७ नॅनोमीटरवरच बनत होत्या.

सप्टेंबर २०२४. इंटेलने लॅपटॉपसाठी लुनार लेक हा प्रोसेसर आणला. त्यातला कोअरचा तुकडा इंटेलच्या कारखान्यात बनलेला नाही. तो बनला टीएसएमसीत, जिथे एएमडी आधीपासून रांगेत उभी आहे.