तक्त्यावरची शेवटची ओळ

नमस्कार श्रोतेहो. मी खानापूरच्या बाजूला, मानसिक आजार असलेल्यांच्या एका निवासी केंद्रात रात्रपाळी करते. कुणी निपाणीचं, कुणी गोकाकचं. मराठी-कन्नड दोन्ही चालतं.

आमच्या औषधांच्या तक्त्यात खाली एक ओळ असते : लोराझेपाम १ मिलीग्रॅम, एसओएस. म्हणजे घालमेल शांत करणारी, गुंगी आणणारी गोळी, गरज लागली तर. ओळ डॉक्टर दिवसा लिहितात. गरज लागली का, ते मी ठरवायचं, रात्री अडीचला. बावीस माणसं, मी आणि एक आया.

आमच्यातही एकमत नाही. एक ब्रदर म्हणतात, दंगा वाढायच्या आत देऊन टाका, नाहीतर सगळा वॉर्ड उठतो. एक सिस्टर गोळीला हातच लावत नाहीत; पेशंट पडला तर बोट आपल्याकडं. दोघांचंही खोटं नाही. या गोळीनं तोल जातो, म्हातारी माणसं संडासच्या वाटेवर पडतात. आणि वेळेत न दिल्यानं खिडकीच्या काचेवर हात मारून घेतलेला माणूसही मी पाहिलाय.

गेल्या पावसाळ्यात एक अज्जी दार बडवत होत्या. "मनिगी होगबेकु." घरी जायचंय. मी गोळी काढली होती. आया म्हणाली, "सिस्टर, थांबा. अज्जींनी ओटीपोट धरलंय बघा." लघवी तुंबली होती, पोट दगडासारखं. गोळी दिली असती तर अज्जी गप्प पडल्या असत्या, एवढंच.

भास-भ्रम आवरायला देतात त्या हॅलोपेरिडॉलचं तर उलटंच. काहींच्या पायांत त्यानं अशी तळमळ भरते की बसवत नाही. आपण समजतो आजार उसळला, आणि पुढचा डोस देतो!

कर्मचारी कमी आहेत म्हणून कुणाला बांधून ठेवता येत नाही, असं २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. गोळीनं बांधलेलं मात्र दिसत नाही. म्हणून त्या ओळीत आणखी थोडं लिहून हवं : कशासाठी, किती तासांनी, चोवीस तासांत जास्तीत जास्त किती. आम्हीही 'दिली' लिहून मोकळं होऊ नये; अर्ध्या तासानं जाऊन बघावं, काय झालं ते लिहावं.

नातेवाइकांनो, भेटीला आलात की तो तक्ता मागून बघा. तुमच्या माणसाला रात्री काय लागतं, तेही सांगा. अज्जींची लेक म्हणाली, आईला झोपताना वाती वळायला कापूस लागतो. तो आता औषधांच्या कपाटातच असतो.