वेळ : पाण्याप्रमाणे

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या माघात आमच्या कॉलेजच्या नाट्यमंडळाने एक प्रयोग केला. निमंत्रणावर तारीख होती, ठिकाण होतं, आणि वेळेच्या जागी छापलं होतं, ‘पाण्याप्रमाणे’. प्रेसवाल्याने दोनदा फोन केला. काही टाकायचं राहिलंय का हो?

राहिलं नव्हतं. प्रयोग होता देवगड तालुक्यातल्या एका जुन्या बंदरावर, जिथे पूर्वी मुंबईच्या आगबोटीची वाट बघत माणसं बसायची. आम्हाला दिवेलागणीला पायऱ्यांशी पाणी हवं होतं. माझ्या चुलत्यांनी मासेमारीवाल्यांचा हिशेब सांगितला : तिथीची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. शिवाय अष्टमीचं पाणी भांगाचं, उधाणासारखा जोर नसतो. म्हणून सप्तमी ते दशमी असे चार प्रयोग ठरले, आणि रोज प्रयोग पाऊण तासाने पुढे सरकणार हेही ठरलं. आमचं वेळापत्रक चंद्राने केलं म्हणायला हरकत नाही.

अशा नाटकाला ‘साइट-स्पेसिफिक’ म्हणतात, म्हणजे त्याच जागेतून उगवलेलं, दुसरीकडे हलवलं तर मरेल असं. आणि प्रेक्षक खुर्चीत न बसता आत शिरला की ते ‘इमर्सिव्ह’. लंडनची पंचड्रंक ही मंडळी 2000 सालापासून हेच करते. त्यांच्या काही प्रयोगांत प्रेक्षक मुखवटे घालून खोल्याखोल्यांतून हिंडतात. अमेरिकन दिग्दर्शक रिचर्ड शेकनर यांचं या विषयावरचं पुस्तक 1973 सालचं. आमच्या सरांनी हे सगळं सांगितल्यावर मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, ‘सर, शिमग्यात पालखी घरात येते, ते काय असतं मग?’ वर्गात हशा पिकला, पण मुद्दा त्याचाच बरोबर होता. आणि लिहिलेल्या संहितेशिवाय रात्रभर उभा राहणारा दशावतार आम्ही लहानपणापासून देवळासमोर बघत आलोय.

तरी पहिली तालीम सपशेल पडली. आम्ही अकरा जणांनी गोदामात, पायऱ्यांवर, झाडाखाली असे प्रसंग मांडले होते. बघायला बोलावलेली मित्रमंडळी घोळक्याने हिंडली, मोबाइलवर शूटिंग करत राहिली आणि कुठे उभं राहायचं ते एकमेकांना विचारत राहिली. प्रेक्षकाला खुर्चीवरून उठवलं होतं खरं, पण त्याच्या हाताला काम दिलं नव्हतं. ते काय असावं, हे आम्हाला पुस्तकात सापडलं नाही.

सापडलं ते बंदराशेजारी राहणाऱ्या एका आजींकडे. पुढच्या तालमीला त्या मशेरी लावत कुंपणाशी उभ्या होत्या. आमचा नायक डोक्यावर ट्रंक घेऊन ऐटीत पाण्यात उतरला, तशा त्या हसायलाच लागल्या. ‘चपला घालून खंय चल्लंस? हातात घे त्यो!’

बऱ्याच बंदरांवर आगबोट धक्क्याला लागतच नसे. ती खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही, आणि माणसं पडावातून तिच्यापर्यंत जात. पडावात चढायला गुडघाभर पाणी तुडवायचं. एका हातात चपला, दुसऱ्या हातात पोर, नाहीतर वळकटी. आजींनी पदर खोचून आम्हाला चालून दाखवलं. पाय उचलायचा नाही, वाळूवरून सरकवत न्यायचा, कारण खाली कालवांची धार असते.

त्या दिवशी आमचे पाच लिहिलेले संवाद गेले. प्रयोगाची सुरुवात अशी झाली : दाराशी तिकीट फाडायचं आणि म्हणायचं, ‘चपला हातात घ्या.’ बस्स. दोन्ही हात अडकल्यावर मोबाइल खिशातच राहिला. माणूस प्रवासी झाला, आणि प्रवाशाला कुठे बघायचं हे शिकवावं लागत नाही.

रंगीत तालमीला आम्ही मोठ्या मानाने आजींना पहिलं तिकीट दिलं. त्यांनी ते परत केलं. ‘माका कित्याक? मी खंय जातंय? मी पोचवूक इलंय.’

आम्ही गप्प. आम्ही सगळ्यांना बोटीत बसवायला निघालो होतो, आणि जी बाई आयुष्यभर काठावरच उभी राहिली, तिच्यासाठी नाटकात जागाच नव्हती. रात्री दोनपर्यंत वाद घालून आम्ही दोन रंगांची तिकिटं केली. बारा प्रवासी, बारा पोचवायला आलेले, आणि एकेका प्रवाशाला एकेक पोचवणारा. प्रवासी दोन होड्यांत बसत. होड्या नांगरलेल्याच होत्या, आणि दोन्हींजवळ पाण्यात एकेक खलाशी उभा असे. काठावरच्यांना आम्ही काहीच करायला सांगितलं नाही. तरी ते हात हलवायचेच.

एक कटकट सांगते. जाहीर प्रयोगाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून आधी मंजूर करून घ्यावी लागते, आणि आमच्याकडे कागदावर होतं फक्त सामानाचं टिपण : ट्रंका चार, वळकट्या सहा, कुळथाच्या पिठाची पिशवी. शेवटी तालमींचं रेकॉर्डिंग ऐकत आम्ही संहिता उतरवून काढली. बसवलेलं नाटक पुन्हा लिहायला बसणं भयंकर कंटाळवाणं असतं.

चारही दिवस काठावरची तिकिटं आधी संपली. याचा अर्थ मी अजून लावते आहे.

दशमीच्या प्रयोगानंतर दिवे काढताना आजी पुन्हा आल्या. म्हणाल्या, सगळं बरं झालं, पण पोचल्याचं पत्र? मुंबईला उतरल्यावर माणूस पहिलं काम तेच करायचा ना.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोस्टातून पन्नास पैशांची अठ्ठेचाळीस कार्डं आणली, आणि प्रत्येक प्रवाशाला त्याला पोचवणाऱ्याचा पत्ता देऊन धाडली. आतापर्यंत एकतीस कार्डं पोचल्याचं कळलंय. आजींच्या प्रवाशाचं अजून यायचंय. पोस्टमन दिसला की त्या पायरीवर येऊन उभ्या राहतात.

नमस्कार.