निळ्या टोपणाची ट्यूब

(पहाट. लॅबच्या खिडकीतून आत सरकणारी सॅम्पलची पेटी.)

निळं टोपण. आत आधीपासूनच थोडं सायट्रेट, रक्त गोठू न देणारं रसायन. त्याच्या नऊ पट रक्त घ्यायचं, बरोबर रेघेपर्यंत. रक्त कमी पडलं तर सायट्रेटचं प्रमाण वाढतं आणि यंत्र फसतं. रक्त गोठायला प्रत्यक्षात लागतो त्याहून जास्त वेळ दाखवतं. म्हणून ट्यूब हातात आली की लॅबमधल्या माणसाची पहिली नजर नावावर जाते, दुसरी रेघेवर.

ही ट्यूब आयसीयूतून आली आहे. रुग्णाला सेप्सिस झालाय. आयसीयूत कॅमेरा नेता आला नाही, म्हणून ही गोष्ट लॅबमधूनच सांगतोय. एका परीने बरंच झालं. सेप्सिसवर बोलताना लॅबकडे एरवी कोण वळतं?

सेप्सिस म्हणजे नुसता जंतुसंसर्ग नव्हे. २०१६ साली तज्ज्ञांनी त्याची व्याख्या नव्याने केली. संसर्गाशी झगडताना शरीराचाच तोल सुटतो, त्या झटापटीत स्वतःचे अवयव निकामी होऊ लागतात आणि जीव धोक्यात येतो, तो सेप्सिस. सुरुवात न्यूमोनियाने होईल, लघवीच्या संसर्गाने होईल, नाहीतर एखाद्या चिघळलेल्या जखमेने.

(सेंट्रिफ्यूज फिरतंय. जवळून.)

१५ मिनिटं. पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा उरतो. गोठण्यासाठी लागणारी प्रथिनं त्यात आहेत, पण सायट्रेटने कॅल्शियम धरून ठेवलंय. म्हणून तो अजून पातळ आहे.

आता इथे पाहा. ३७ अंश सेल्सियस, अंगातल्या रक्ताइतकी ऊब. प्लाझ्मात थ्रॉम्बोप्लास्टिन, म्हणजे गोठणं सुरू करून देणारं रसायन, आणि कॅल्शियम सोडलं, की घड्याळ सुरू. निरोगी माणसाचा प्लाझ्मा साधारण ११ ते १३ सेकंदांत गोठतो. हाच प्रोथ्रॉम्बिन टाइम, लॅबच्या भाषेत पीटी.

आर्मंड क्विक या अमेरिकी संशोधकाने ही चाचणी १९३५ साली मांडली. तेव्हा थ्रॉम्बोप्लास्टिन सशाच्या मेंदूपासून बनवत. कोमट पाण्यात काचेची नळी धरायची, तिरपी करायची, सरळ करायची, पुन्हा तिरपी करायची आणि तंतूंचं जाळं दिसलं रे दिसलं की स्टॉपवॉच दाबायचं. जुन्या तंत्रज्ञांच्या मनगटात ती लय अजून आहे. आता यंत्र मोजतं. प्रत्येक लॅबचं रसायन थोडं वेगळं असतं, म्हणून सेकंदांचं रूपांतर आयएनआरमध्ये करतात. निरोगी माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो. तो वाढला, म्हणजे रक्त गोठायला जास्त वेळ लागतोय.

(पिपेटमधून पडणारा थेंब. संथ गतीने.)

थ्रॉम्बोप्लास्टिनच्या या थेंबात कामाचं प्रथिन एकच, टिश्यू फॅक्टर. एरवी ते रक्तवाहिनीच्या बाहेर असतं, भिंतीपलीकडे. बोट कापलं, भिंत फाटली, की रक्ताची त्याच्याशी गाठ पडते आणि खपली धरायला सुरुवात होते. सेप्सिसमध्ये काहीच कापलेलं नसतं. जंतूंच्या चाहुलीने खवळलेल्या मोनोसाइट, म्हणजे आपल्याच पांढऱ्या पेशी, हे प्रथिन आपल्या अंगावर बाहेर काढतात. वाहत्या रक्तात! लॅबमध्ये आपण जो थेंब मुद्दाम टाकतो, तोच जणू रुग्णाच्या नसानसांत पडत राहतो.

(समुद्रकिनारा. वाळूवर हॉर्सशू क्रॅब.)

हा हॉर्सशू क्रॅब. नावात खेकडा असला तरी जवळचं नातं कोळ्यांशी. रक्त निळं. अमेरिकेतल्या वुड्स होल इथे फ्रेडरिक बँग यांच्या लक्षात आलं, की विशिष्ट जीवाणू शिरले की याचं रक्त थिजतं. ही नोंद १९५६ची. पुढे जॅक लेव्हिन यांच्याबरोबर त्यांनी दाखवलं, की जीवाणूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन हे घडवून आणतं. जंतूला गुठळीत अडकवायचं, पुढे सरकू द्यायचं नाही, ही युक्ती फार जुनी आहे. आपणही ती वापरतो. आपल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तर स्वतःच्या डीएनएची जाळी जंतूंवर फेकतात. हे २००४ साली उघडकीला आलं. त्या जाळ्यांतही रक्त साकळतं.

साकळणं आवरणारे लगामही शरीरात असतात : अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन सी. सेप्सिसमध्ये ते अपुरे पडतात. गुठळी विरघळवणारी यंत्रणाही दाबली जाते. मग मूत्रपिंडात, फुप्फुसात, बोटांच्या टोकांपर्यंत बारीक गुठळ्या अडकतात. त्यात प्लेटलेट्स आणि गोठवणारी प्रथिनं खर्ची पडतात. शेवटी आत गुठळ्या आणि सुईच्या जागेतून थांबत नसलेलं रक्त, असं दोन्ही एकाच वेळी दिसू शकतं. याला डीआयसी म्हणतात.

(सूक्ष्मदर्शक. रंगवलेली स्लाइड.)

हे जांभळे कण म्हणजे प्लेटलेट्स. एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख असाव्यात. यंत्राने कमी दाखवल्या तर तंत्रज्ञ स्लाइड स्वतः बघतो, कारण कधी कधी ट्यूबमध्येच प्लेटलेट्सचे पुंजके होतात आणि आकडा खोटाच खाली येतो. आणि ही पेशी पाहा, डाव्या कोपऱ्यातली. अर्धी कापल्यासारखी, हेल्मेटच्या आकाराची. गुठळीच्या धाग्यांमधून रेटली जाताना तांबडी पेशी अशी चिरली जाऊ शकते.

(पडद्यावर तीन दिवसांचे रिपोर्ट. आकडे समजावण्यापुरते घेतलेले.)

पहिला दिवस. प्लेटलेट्स १,८०,०००. आयएनआर १.१. सगळं ठीक.
दुसरा दिवस. १,३०,०००. आयएनआर १.३. फाइलमध्ये बहुधा ‘किंचित कमी’ अशी नोंद होईल.
तिसरा दिवस. ८५,०००. आयएनआर १.५.

तीन कागद वेगवेगळे वाचले तर दुसऱ्या दिवशीचा हातातून निसटतो. एकाखाली एक ठेवा, म्हणजे उतार दिसतो. आम्हाला या फिल्ममध्ये दाखवायचा आहे तो हा उतारच. सेप्सिसमध्ये रक्त गोठण्यातला बिघाड मोजणाऱ्या, २०१७ साली मांडलेल्या एका गुणतक्त्यात फक्त प्लेटलेट्स, आयएनआर आणि अवयवांची स्थिती सांगणारा सोफा स्कोअर एवढंच धरतात. दीड लाखाखाली एक गुण, एक लाखाखाली दोन. आयएनआर १.२ च्या वर एक, १.४ च्या वर दोन. यासाठी महागडं यंत्र लागत नाही, दररोज होणाऱ्या तपासण्याच पुरतात.

डी-डायमर, म्हणजे गुठळी विरघळताना सुटणारे तुकडे, हेही बघतात, पण विरघळण्याची क्रियाच दाबली गेली असेल तर गुठळ्यांच्या मानाने तो कमी दिसू शकतो. फायब्रिनोजेन, म्हणजे ज्यापासून गुठळीचे धागे बनतात ते प्रथिन, तर संसर्गात मुळातच वाढतं. त्यामुळे ते ‘नॉर्मल’ आलं म्हणून निश्चिंत व्हायचं कारण नाही.

औषधाने ही साखळी तोडायचे प्रयत्न झाले. सक्रिय प्रोटीन सीच्या १,६९० रुग्णांवरच्या चाचणीत मृत्यूचं प्रमाण ३०.८ टक्क्यांवरून २४.७ वर आलं. २००१ साली अमेरिकेत मंजुरी मिळाली. पुढच्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही, २०११ मध्ये औषध बाजारातून मागे घेतलं गेलं. तेव्हा उपचार मूळ संसर्गावरच : वेळेत अँटिबायोटिक, साचलेला पू काढणं, रक्तदाब सांभाळणं.

ज्यांच्या प्लेटलेट्स घसरतात आणि चार-पाच दिवसांतही सावरत नाहीत, त्यांच्यात मृत्यू जास्त होतात. २०१७ या एका वर्षात जगभर सेप्सिसशी जोडलेले मृत्यू अंदाजे १ कोटी १० लाख होते.

(आयसीयूचं बंद दार. बाहेर बाकावर बसलेली माणसं. इथे निवेदन नाही.)

(लॅब. दुसरी पहाट.)

चौथ्या दिवसाची ट्यूब. नाव जुळलं. तंत्रज्ञ ती उजेडात धरतो. रक्त रेघेच्या बरंच खाली आहे. तो फोन उचलतो.

“आयसीयू? सॅम्पल कमी आहे. परत घेऊन पाठवा. हो, आत्ताच.”