पाकीट संपलं, आता पुढचं कधी सुरू करायचं?

नमस्कार मैत्रिणींनो! नवरात्र जवळ आली की बडोद्यातून एकच प्रश्न सारखा येतो: गरब्यात पाळी नको, मग गर्भनिरोधक गोळ्यांचं काय करू?

आधी पाकीट बघा. माला-एनमध्ये २८ गोळ्या असतात: २१ पांढऱ्या हॉर्मोनच्या, ७ गडद रंगाच्या लोहाच्या. पांढरीमुळे बीज सुटत नाही आणि गर्भाशयाच्या तोंडाशी स्राव घट्ट होतो. पाळीच्या पहिल्या ५ दिवसांत सुरू करा, रोज ठरल्या वेळी एक. झालं.

आता खरा मुद्दा. मधली एक गोळी राहिली की जीव घाबरा होतो, पण नवं पाकीट दोन दिवस उशिरा सुरू झालं तर कुणाला काही वाटत नाही. आणि धोका तिथेच जास्त! लोहाच्या ७ दिवसांत शरीराला हॉर्मोन मिळत नाही, बीजांडकोश जागा व्हायला लागतो. आठव्या दिवशी पांढरी गोळी पोटात गेली की तो आवरतो. नाही गेली, तर बीज सुटू शकतं.

'ताई, पाळी अजून थांबली नाही, सुरू कसं करू?' पाळी चालू असो, थांबलेली असो, लोहाची शेवटची गोळी आज घेतली तर उद्या नवं पाकीट फोडायचं. लोहाच्या गोळ्या खात नसाल तरी दिवस सातच मोजायचे. आठ नाही, नऊ तर नाहीच. गोळ्या चुकल्या होत्या आणि पाळीच आली नाही, तर मात्र घरी टेस्ट करा.

हे ७ दिवस वाढवायचे नाहीत. कमी केले तर चालतं. म्हणून गरब्यासाठी किंवा गौरी-गणपतीसाठी लोहाच्या गोळ्या गाळा, पांढऱ्या संपल्या की दुसऱ्याच दिवशी पुढच्या पाकिटातली पांढरी घ्या. थोडे डाग पडू शकतात, घाबरू नका. मेडिकलमधून आणतात ती पाळी पुढे ढकलायची नॉरएथिस्टेरॉन वेगळी. गर्भ टाळायला तिच्या भरवशावर राहू नका. हे गोळी देतानाच सांगायला हवं, सांगत नाहीत, याचा मला फार राग येतो. आणि उपवासालाही गोळी घ्यायचीच. औषधानं उपवास मोडत नाही.

एक पांढरी चुकली तर आठवताच घ्या, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतील. दोन किंवा जास्त चुकल्या तर सगळ्यांत शेवटी चुकलेली लगेच घ्या, आधीच्या सोडून द्या, रोजची चालू ठेवा आणि ७ दिवस निरोध वापरा. तिसऱ्या आठवड्यात असं झालं तर पांढऱ्या संपवा आणि लोहाच्या गाळून थेट नवं पाकीट. पहिल्या आठवड्यात चुकल्या किंवा पाकीटच दोन दिवस उशिरा सुरू झालं, आणि मध्ये संबंध आला, तर ७२ तासांच्या आत आपत्कालीन गोळी, जितकी लवकर तितकी बरी. गोळीनंतर ३ तासांत उलटी झाली तर दुसरी घ्या.

बीपी जास्त असेल, पायात रक्ताची गाठ झालेली असेल, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठत असेल, पस्तिशीनंतर सिगारेट ओढत असाल किंवा ६ महिन्यांच्या आतलं बाळ अंगावर पीत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. टीबीची रिफॅम्पिसिन आणि फिटच्या काही गोळ्या या गोळीचा असर कमी करतात, तेही त्यांना सांगा.

पांढऱ्या गोळ्यांची शेवटची ओळ सुरू झाली की पुढचं पाकीट दवाखान्यातून किंवा आशाताईंकडून आणून ठेवा.