दर्या, दऱ्या आणि गुऱ्हाळ : लातुरातल्या एका प्रदर्शनाची मांडणी

नमस्कार. मी लातूरमध्ये ग्राफिक डिझाइनचे काम करतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काही चित्रकार, दोन छायाचित्रकार, एक ज्येष्ठ बोर्ड पेंटर आणि मी अशांनी मिळून एका शाळेच्या सभागृहात चार दिवसांचे कलाप्रदर्शन भरवले. तयारीच्या पहिल्याच बैठकीत एका चित्रकार मित्राने मला विचारले, “आमची चित्रे भिंतीवर लागतील, पण तू काय लावणार? गुळाचे खोके?” प्रश्न थट्टेने विचारला होता, पण रास्त होता. जे वेष्टन किराणा दुकानाच्या फळीवर रोज दिसते, ते पाहायला माणसाने सभागृहापर्यंत का यावे?

मी लावले ते गुळाचे खोकेच. मात्र तयार खोक्याच्या शेजारी ते तयार होईपर्यंत फेटाळले गेलेले सगळे नमुनेही क्रमाने लावले, आणि प्रत्येक नमुना का फेटाळला गेला ते त्याखाली एका ओळीत लिहिले. डिझायनरचे खरे काम या फेटाळलेल्या कागदांत असते, असे माझे मत आहे. आज मी त्यातली दोन कामे दाखवणार आहे आणि त्यानंतर प्रदर्शन कसे उभे केले ते सांगणार आहे.

(पडद्यावर : गुळाच्या वेष्टनाचा पहिला नमुना)

हे काम औसा भागातील एका महिला बचत गटाचे. गटाचा गूळ शेजारच्याच गुऱ्हाळावर तयार होतो, म्हणून वेष्टनावर ‘गुऱ्हाळातून थेट घरात’ अशी ओळ हवी होती. मी हौसेने निवडलेल्या एका वळणदार फॉन्टमध्ये ती ओळ टाकली, प्रूफ काढले आणि गटाच्या अध्यक्ष ताईंना दाखवले. त्यांनी रंगाबद्दल एक शब्दही काढला नाही, ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, “दादा, हे गुर्हाळ झालंय.” त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. त्या फॉन्टमध्ये अर्ध्या ‘र’ची ती आडवी, पापणीसारखी खूणच नव्हती, त्यामुळे ‘ह’च्या डोक्यावर रफार चढला होता.

हा फरक केवळ दिसण्याचा नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. दोन्ही शब्दांत तीच अक्षरे आहेत, पण ‘र’ कसा जोडला यावर अर्थ ठरतो. हिंदीच्या लेखनाला ही खूण लागत नाही, म्हणून हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या अनेक देवनागरी फॉन्टमध्ये तिच्याकडे दुर्लक्ष झालेले दिसते. ‘ल’ आणि ‘श’ यांचेही तसेच आहे. मराठी वळणाचा ‘ल’ आणि हिंदी वळणाचा ‘ल’ शेजारी ठेवले, तर आपल्या शाळेच्या फळ्यावरचा कोणता हे लहान मूलही सांगेल. काही चांगल्या युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) फॉन्टमध्ये दोन्ही वळणे दिलेली असतात. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडली की आपले वळण उमटते. आपण मात्र ती निवड कधी तपासतच नाही. मीही तोवर तपासली नव्हती.

यावर एक सोपा उपाय मी तेव्हापासून पाळतो. कोणताही नवा देवनागरी फॉन्ट कामाला घेण्यापूर्वी त्यात ‘गुऱ्हाळ, दऱ्या, कुऱ्हाड, लशीकरण, ॲप, ज्ञानेश्वर’ एवढे शब्द टंकून पाहावेत. त्यात जो फॉन्ट अडखळतो, तो मराठी कामाचा नाही. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये काम केले असेल, तर छपाईला देण्यापूर्वी मजकूर ‘कर्व्ह’ केलाच पाहिजे, म्हणजे अक्षरांचे रूपांतर रेखाकृतींत केले पाहिजे, कारण त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात आणि प्रेसच्या संगणकावर तोच फॉन्ट नसेल, तर गुळाच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे छापली जातात. कर्व्ह केलेल्या फाइलमध्ये नंतर शुद्धलेखन सुधारता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. म्हणून एक ओपन फाइल, म्हणजे मजकूर बदलता येईल अशी प्रत, आपल्याजवळ राहू द्यावी.

वेष्टनाच्या उरलेल्या बाबी नियमांनी बांधलेल्या असतात : शाकाहाराची हिरव्या चौकटीतली हिरवी खूण, अन्नसुरक्षा परवान्याचा 14 अंकी क्रमांक, निव्वळ वजन, उत्पादनाची तारीख. ही जागा आधी राखून ठेवावी आणि उरलेल्या जागेत सजावट करावी. उलट क्रमाने काम केले, की शेवटी परवान्याचा क्रमांक उसाच्या पानावर जाऊन बसतो. माझ्या दुसऱ्या नमुन्यात तसेच झाले होते आणि तो नमुनाही मी प्रदर्शनात लावला.

(पडद्यावर : प्रदर्शनाचे बोधचिन्ह, मोठ्या व लहान आकारात)

दुसरे काम म्हणजे प्रदर्शनाचेच बोधचिन्ह. लातूरकरांना गंज गोलाई सांगावी लागत नाही. इतरांसाठी सांगतो की ही आमच्या शहराची मध्यवर्ती वर्तुळाकार बाजारपेठ आहे, मध्यभागी अंबाबाईचे मंदिर आहे आणि गोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात. वरून पाहिल्यास तिचा नकाशा आयतेच बोधचिन्ह वाटतो. मी वर्तुळ काढून त्याला बाहेर जाणाऱ्या रेषा जोडल्या, पण लहान आकारात रेषा एकमेकींना चिकटू लागल्या, म्हणून त्या 12 केल्या. आमच्या बोर्ड पेंटर काकांनी चिन्ह हातात घेतले, रेषा मोजल्या आणि ते शांतपणे म्हणाले, “चार रस्ते कुठं गेले?” मग रेषा काढूनच टाकल्या आणि जाड वर्तुळाला 16 खाचा दिल्या. आता रस्ता म्हणजे रिकामी जागा झाली. निमंत्रणपत्रिकेवर 15 मिलिमीटर आकारातही ते चिन्ह स्वच्छ उमटले.

आता सभागृहाकडे वळू. शाळेने जागा आनंदाने दिली, पण भिंतीला एकही खिळा ठोकायचा नाही अशी अट घातली. चुन्याचा रंग दिलेल्या भिंतीवर चिकटपट्टीही टिकत नाही. पोपडा सुटतो आणि चित्रासकट खाली येतो. भाड्याचे पॅनेल आमच्या खर्चात बसत नव्हते. लातूर हे डाळींच्या व्यापाराचे गाव असल्याने आमच्याकडे बारदानाला तोटा नाही. एका मित्राच्या ओळखीने डाळमिलमधून रिकामे बारदान मिळाले, ते उसवून, शिवून त्याचे लांब पडदे केले आणि मंडपवाल्याच्या लोखंडी पाइपांच्या चौकटींवर ताणून बांधले. चित्रे वरच्या पाइपाला नायलॉनच्या दोरीने टांगली, त्यामुळे बारदानावर भार आला नाही.

हा उपाय दिसायला सुरेख होता, पण फुकट नव्हता. बारदान दोन दिवस कडक उन्हात घालावे लागले, कारण त्यात किडे असतात. शिवाय त्याची कुसे कागदाला चिकटतात, म्हणून ते झटकावे, घासावे लागले. सर्वांत मोठी अडचण रंगाची निघाली. तपकिरी पार्श्वभूमीवर टांगलेली फिकट जलरंगातली चित्रे मळकट दिसू लागली. तेव्हा प्रत्येक चित्राभोवती तीन इंचांची पांढरी मांडणपट्टी घेतली आणि डोळ्याला पांढऱ्याची खूण मिळताच रंग पुन्हा जागेवर आले.

चित्र किती उंचीवर टांगावे, याचा एक रूढ हिशेब आहे : चित्राचा वरचा किंवा खालचा काठ न धरता त्याचा मध्य जमिनीपासून 145 ते 152 सेंटिमीटरवर ठेवतात, म्हणजे लहानमोठी चित्रे शेजारी असली तरी नजर एका रेषेत चालते. आम्ही 145 घेतले, कारण शाळेतली मुले येणार होती. माझे गुळाचे नमुने तर टेबलावर सपाट मांडले. वेष्टन माणूस हातात धरून पाहतो, ते डोळ्यांसमोर टांगून काय साधणार?

प्रकाशाच्या बाबतीत माझा अंदाज चुकला. मंडपवाल्याचे पिवळे हॅलोजन मी स्वतःच ठरवले होते; पिवळा प्रकाश आणि पिवळट बारदान यांनी मिळून निळ्या रंगाचा जीवच घेतला. पहिल्या रात्री धावपळ करून 4000 केल्व्हिनचे, म्हणजे पिवळ्यापेक्षा पांढऱ्याकडे झुकणाऱ्या प्रकाशाचे एलईडी दिवे आणले. दिवा चित्रावर सरळ समोरून न टाकता वरून, उभ्या रेषेशी साधारण 30 अंशांचा कोन करून टाकला, की काचेतली चमक पाहणाऱ्याच्या डोळ्यांत येत नाही. जलरंग उजेडाने फिकटतात. संग्रहालये त्यांच्यावर 50 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपासच, म्हणजे मंदच प्रकाश ठेवतात. चार दिवसांसाठी इतकी काटेकोरता आम्ही पाळली नाही, पण पश्चिमेच्या खिडक्यांसमोर एकही जलरंगचित्र लावले नाही.

पत्रिकेसाठी चित्रकारांनी आपल्या कामांची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर पाठवली, हे ओघाने आलेच. 1600 पिक्सेल लांबीचे छायाचित्र 300 डीपीआयच्या, म्हणजे दर इंचाला 300 ठिपक्यांच्या छपाईत जेमतेम सव्वापाच इंच भरते. तेच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले असते, तर मूळ आकारात आले असते. नावपट्ट्यांवर नाव, माध्यम, आकार आणि वर्ष एवढेच लिहिले. देवनागरीत वर वेलांट्या आणि खाली उकार असतात, म्हणून दोन ओळींतले अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट ठेवले. किंमत ज्याची त्याने आधी लेखी द्यायची, असे ठरवल्यामुळे विक्रीवरून कुरबूर झाली नाही.

सर्वाधिक गर्दी मात्र ना चित्रांपुढे झाली, ना माझ्या टेबलापुढे. पेंटर काका रोज सायंकाळी पाचला एका पत्र्यावर ब्रशने अक्षरे काढून दाखवत असत. फ्लेक्स आल्यापासून त्यांच्याकडे दुकानांच्या पाट्यांचे काम फारसे येत नाही. तिसऱ्या दिवशी गुळाच्या गटातल्या ताई आल्या, त्यांनी ‘गुऱ्हाळ’ लिहायला सांगितले आणि काकांनी अर्धा ‘र’ एका झटक्यात, ब्रश न उचलता ओढला. त्यांना ना फॉन्ट तपासावा लागला, ना भाषा निवडावी लागली.

(पडद्यावर : पत्र्याची पाटी, जवळून)

पाचव्या दिवशी बारदान घडी करून डाळमिलला परत केले. ही पाटी ताई घेऊन गेल्या. वेष्टनावर आज जी ओळ छापली जाते, त्यातला ‘गुऱ्हाळ’ हा शब्द मी या पाटीवरूनच गिरवून घेतला आहे, आणि त्याचे मानधन गटाने काकांना वेगळे दिले आहे.