दरी आणि पायऱ्या

श्रोतेहो, नमस्कार.

आर्थिक विषमतेवर बोलायला लागलं की बोलणं हमखास गरिबीकडे वळतं. पण गरिबी म्हणजे पुरेसं नसणं, आणि विषमता म्हणजे माणसामाणसांतलं अंतर. गरिबी घटत असतानाही हे अंतर वाढू शकतं. २०२१ साली जगातल्या सर्वांत श्रीमंत दहा टक्के लोकांकडे एकूण संपत्तीचा सुमारे ७६ टक्के वाटा होता, आणि खालच्या निम्म्या जगाकडे जेमतेम २ टक्के, असा अंदाज आहे.

आता कुणी विचारेल, सगळ्यांना पोटभर मिळत असेल तर दुसऱ्याकडे किती आहे याची उठाठेव कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचं एक उत्तर लंडनच्या सरकारी कचेऱ्यांत सापडलं. १९६७ मध्ये तिथे ‘व्हाइटहॉल अभ्यास’ सुरू झाला. सतरा हजारांहून अधिक पुरुष कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. नोकरी करणारी माणसं ही. उपासमारीचा प्रश्न नाही, आणि सरकारी आरोग्यसेवा सगळ्यांना खुली. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचा मृत्युदर सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाला. मला जास्त चक्रावून टाकतं ते पुढचं. फरक फक्त साहेब आणि शिपाई यांच्यात नव्हता. प्रत्येक पायरीगणिक तो होता. साहेबाच्या लगेच खालचा अधिकारीही साहेबाइतका सुरक्षित नव्हता. धूम्रपान, रक्तदाब वगैरेंचा हिशेब वजा केला तरी बराच फरक उरला. पुढच्या अभ्यासांनी एका कारणावर बोट ठेवलं: आपल्या कामावर आपलाच ताबा नसणं.

दुसरा परिणाम हळूहळू होतो, म्हणून लक्षात येत नाही. ऐपत असलेली कुटुंबं सरकारी शाळा सोडतात, सरकारी दवाखाना सोडतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, आपल्या मुलांसाठी कोण तडजोड करेल? पण ज्यांच्या तक्रारीची वरपर्यंत दखल घेतली जाते, तेच निघून गेले की मागे राहिलेल्यांसाठी भांडणारं कुणी उरत नाही. शाळा ढासळते, मग आणखी काही जण निघतात. शेवटी ज्यांनी ती वापरणंच सोडलं आहे, त्यांना तिच्यासाठी कर भरणं जिवावर येतं.

विषमतेमुळे माणूस जिद्दीने वर येतो, असंही म्हणतात. थोड्या फरकाबाबत हे मान्य. पण देशादेशांची तुलना केली तर साधारणपणे उलटंच दिसतं: जिथे दरी मोठी, तिथे मुलाची कमाई बापाच्या कमाईला जास्त घट्ट बांधलेली. डेन्मार्कमध्ये हा दोर सैल आहे, अमेरिकेत आवळलेला.

आणि ही दरी बाजारानं परस्पर ठरवलेली असते, असंही नाही. त्याच अमेरिकेत १९५० च्या दशकात सर्वोच्च टप्प्यातल्या उत्पन्नावर आयकराचा दर बराच काळ ९१ टक्के होता, आणि तेव्हा अर्थव्यवस्था बुडाली नाही. १९८८ साली तोच दर २८ टक्के झाला. दोन्ही दर कायदेमंडळात मतदान करूनच ठरले होते.

नमस्कार.